काडेपेटी नसलेलं घर

गवताचा मला राग न्हाई. गवताचं कामच वाढायचं. पाऊस पडला की उगवतं, उन्ह लागलं की वाळतं. त्याला कोणी पगार देत न्हाई अन् तेही कोणाला 'उद्या या' म्हणत न्हाई. माझा राग माणसांवर आहे. ज्यांच्याकडं गवत काढायचं काम आहे अन् जे हातात काडेपेटी घेऊन येतात, त्या माणसांवर.

जालन्याहून बदनापूरकडं जाताना रस्त्याच्या आतल्या अंगाला एक गाव लागतं, त्या गावच्या शिवारात आमचं घर. गावाचं नाव सांगणार न्हाई. सांगितलं तर बाकीच्या गावांना वाटंल, चला, आपण सुटलो.

आधी तिथं ज्वारी अन् कपाशी व्हायची. मंग प्लॉटिंग झालं. पिवळे दगड रोवले, मुरूम टाकून रस्ते आखले, तोंडाशी सिमेंटची कमान उभी केली अन् बघता बघता सगळे प्लॉट विकून झाले. घेणारे कोणी पुण्याचे, कोणी संभाजीनगरचे, दोनचार भोकरदनकडचे मास्तर. राहायला म्हणून कोणीच घेतला न्हाई. प्लॉट म्हणजे पोरीच्या लग्नासाठी कपाटात ठेवलेलं सोनं, ठेवायचं अन् विसरायचं. कमानीपाशी एका कुटुंबाचं घर अन् पार आतल्या टोकाला आमचं. मधी नुस्ते दगड, अन् दगडांच्या मधी पुरुषभर गवत. गाजरगवत, कुसळी, तरोटा, अन् नाल्याच्या बाजूनं येडी बाभूळ.

आमचे हे एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमधी होते. भट्टीतून लालबुंद सळी निघायची, ती सांडशीनं धरून पुढं सारायची, असं काम. उभी हयात त्या जाळापुढं गेली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. वर्गात माझं बोलणं पुस्तकी, पण राग आला की माझी जीभ थेट माहेरच्या खळ्यावर जाऊन उभी राहते. हे मला त्यावरून चिडवायचे, "मास्तरीणबाई, शाळा सुटली का?" ह्या घराची वीट न् वीट यांनी उभं राहून लावून घेतली. रात्रपाळी करून यायचे अन् झोपायच्या आधी भिंतींना पाणी मारायचे. मावळतीकडं तोंड करून ओटा बांधला, ओट्याशेजारी कढीपत्त्याचं झाड लावलं. "रिटायर झालो की हितं बसायचं अन् काहीच करायचं न्हाई," असं म्हणायचे.

बसले खरे, पण नाकाला नळी लावून बसले. फुप्फुसं भट्टीनं खाल्ली होती. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन दिलं. ते दिवसभर घुर्र घुर्र करायचं. लाईट गेली तर म्हणून एक सिलेंडर कोपऱ्यात उभा. अन् डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं की ऑक्सिजन आहे तिथं जाळ बिलकुल नको, धूर तर त्याहून नको. साधी उदबत्तीसुद्धा न्हाई.

त्याच दिवशी मी घरातली काडेपेटी उचलून कमानीपाशी राहणाऱ्या ताईंना देऊन टाकली. गॅसची शेगडी मागच्या पत्र्याच्या शेडमधी नेली, तिला लायटर. देवापुढचा दिवा बंद केला. नुसतं फूल वाहायचं अन् हात जोडायचे. एकदोघी बोलल्या, सवाष्णीच्या घरात दिवा न्हाई म्हणजे काय बाई! मी म्हणलं, माझा दिवा कॉटवर बसून श्वास घेऊन राह्यलाय, त्याला आधी सांभाळू द्या.

पोरगी पुण्याला. ती फोनवर सारखी म्हणायची, इकडं या, सहाव्या मजल्यावर फ्लॅट आहे, दवाखाना जवळ आहे. यांचं एकच. "मला ह्या घरातून हलवू नको. जोवर दम आहे तोवर हितं ओट्यावर बसू दे. एवढा शब्द दे." मी दिला. ह्या माणसानं उभ्या जन्मात माझ्याकडं दुसरं काही मागितलं न्हाई. मी तो शब्द कसा राखणार होते, ते मात्र शेजारच्या प्लॉटांवर अवलंबून होतं.

पहिल्या वर्षी फाल्गुन लागला अन् गवत वाळून कडकडीत झालं. कोणी बिडी टाकली तरी पुरे, असं. मी पंचायतीत गेले. ग्रामसेवक बसलेले. आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं. नाव बदललं, खुर्ची तीच.

"मॅडम, ते खाजगी प्लॉट आहेत. ज्याचं त्यानं काढायचं."

"मंग त्यांना सांगा."

"ते हितं राहतात कुठं?"

"बरं, रस्त्याच्या कडंचं?"

"रस्ते अजून पंचायतीच्या ताब्यात आलेच न्हाईत. प्लॉटिंगवाल्याला विचारा."

"अन् नाल्याकडची येडी बाभूळ?"

"ते गायरान. महसूलचं."

"म्हणजे गवतानं उगवायच्या आधी सातबारा बघायचा का?" मी विचारलं. ते हसले. मला वाटलं टेबलावरचा पाण्याचा जग उचलून... पण जाऊ द्या. मी पदर खोचला अन् तिथंच बाकड्यावर बसले. जन्मभर पोरांना गप बसवलेली बाई, गप बसून राहण्यात मला कोण हरवणार! चहा आला, गेला. सरपंच आले, गेले. शेवटी साहेबांनीच शिपायाला हाक मारली, "अरे, मॅडमचं तेवढं गवत कापून दे बाबा."

मॅडमचं गवत! मी पेरलं होतं न ते!

शिपाई आला, पेट्रोलचं मशीन घेऊन. भर्र करत रस्त्याच्या दोन्ही कडा कापल्या, शेजारच्या प्लॉटमधलंही थोडं कापलं अन् जिथं पडलं तिथंच टाकून निघाला. मी विचारलं, "उचलणार कोण?"

"उचलायचं न्हाई सांगितलं मॅडम. कापायचं सांगितलं."

उभं गवत बुडाशी तरी जरा ओलं असतं. कापून पडलेलं उन्हात नुस्तं सरपण होऊन बसलं. चारआठ दिवसांनी हाच बाबा परत आला, खाली बसला, खिशातून काडेपेटी काढली अन् मी फाटकापर्यंत पोचायच्या आत ओढलीसुद्धा.

"अरे काय करून राह्यलास! घरात पेशंट आहे!"

"एका झटक्यात साफ होतं मॅडम. कटकटच मिटली."

जाळ वाढला न्हाई, पण हिरव्या बुडख्यांचा असा काही पांढरा धूर उठला की आमचं घर दिसंना. खिडक्या लावल्या, फटींमधी ओले टॉवेल कोंबले. तरी आला. धुराला कोणाचं दार अडवतं? हे कॉटवर पुढं वाकून बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान ताणलेली. ओठ निळे पडले. जालन्याला दवाखान्यात नेलं. बरेच दिवस राहून परत आणलं, ते निम्मे होऊन.

मी पंचायतीत गेले तर तळपायाची आग मस्तकाला गेल्ती. माझा आवाज बाहेर पारावर ऐकू जात होता म्हणे. जाऊ दे! साहेब खरंच गोंधळले होते. "पण मॅडम, आपण शेतांचे धुरे असेच तर साफ करतो की. चैत्रात कोण पेटवत न्हाई?"

अन् त्याच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा मला उलगडलं की हा माणूस खोटं बोलून न्हाई राह्यला, त्याला बराबर तसंच वाटून राह्यलंय. मी पण शेतकऱ्याची पोर. माझे वडील दोन शेतांमधला धुरा दरसाल पेटवायचे. पण कधी? दोन्ही बाजूंची नांगरट झाल्यावर. इकडं उघडी काळी माती, तिकडं उघडी काळी माती, मधी हातभर धुरा. जाळानं जायचं म्हणलं तरी जाणार कुठं? शिवाय सकाळी, वारं पडलेलं बघून, हातात लिंबाचा हिरवा डहाळा अन् खांद्यावर ओलं पोतं घेऊन वडील शेवटपर्यंत उभे राहायचे. धुरा पेटवायचा असतो तो नांगरटीच्या भरवशावर. ह्या लोकांनी गावातून काडेपेटी तेवढी आणली अन् नांगर मागं ठेवला. प्लॉटिंगमधी कोणी नांगरतं का? एका प्लॉटचं गवत दुसऱ्याला चिकटलेलं, दुसऱ्याचं तिसऱ्याला, अन् शेवटी माझी भिंत.

हे मी घरी येऊन यांना सांगितलं. हे थांबत थांबत बोलले, "भट्टीला पण चारी बाजूनी विटा असतात मास्तरीणबाई. म्हणून ती भट्टी. न्हाईतर ती आगच."

मंग मी ठरवलं. दुसऱ्या वर्षी होळीच्या आधी मी माझ्या भावाला भोकरदनकडून ट्रॅक्टर घेऊन बोलावलं. घराच्या चारी बाजूंनी, शेजारच्या प्लॉटांमधून एक रुंद पट्टा नांगरून काढायचा. बस. मालकांना फोन लावले. दोघं तिघं म्हणाले, करा करा, फुकटात होत असंल तर आमचाही अख्खा करून टाका. पश्चिमेच्या मालकानं मात्र फोन उचललाच न्हाई, मी कितीदा तरी लावला.

त्या सकाळी हे ओट्यावर बसले होते, नळी दारातून आत गेलेली. भाऊ ट्रॅक्टर चालवायचा अन् हे हातानं दाखवायचे, इकडं घे, अजून घे, हां. उलटलेल्या मातीचा वास आला. यांनी डोळे मिटून घेतले अन् म्हणाले, "रान तयार झालं गं. आता पेरायचं काय?" मी म्हणलं, तुमचा दम पेरा. आम्ही दोघं हसलो. भाऊ पण हसला. इतक्या दिवसांत ओट्यावर हसू आल्तं ते त्याच सकाळी.

उत्तर झाली, पूर्व झाली, दक्षिण झाली. पश्चिमेला नांगराचे दोन तास ओढले अन् फाळाला अडकून एक पिवळा दगड वर आला. हद्दीचा. भावानं खाली उतरून तो नीट बाजूला ठेवला, म्हणाला, शेवटी परत बसवतो. पण रस्त्यानं जाणाऱ्या कोणीतरी मोबाईलवर फोटो काढून मालकाला धाडला असणार. कारण इतक्यांदा लावूनही न उचललेला फोन आता त्यांच्याकडूनच वाजला.

"माझ्या प्लॉटमधी नांगर कसा घातला? कब्जा मारायचा विचार आहे का?"

"अहो दादा, मला तुमची माती नको. माझ्या नवऱ्याचा जीव अडकलाय तुमच्या गवतात. तेवढा सोडवून घेते."

"ते मला सांगू नका. आधी दगड उचलायचे, मंग कुंपण घालायचं. सगळे असंच करतात. मी पंचायतीला फोन करतो."

केला. अन् चमत्कार बघा. जी पंचायत मला 'आमचं न्हाई' म्हणली होती, तिची दोन माणसं चहाच्या वेळेआधी हजर! साहेब स्वतः अन् मागं शिपाई, पहार घेऊन. गवताला माणूस नव्हता, दगडाला दोन होते. साहेब म्हणाले, "मॅडम, दुसऱ्याच्या जागेत नांगर घालणं बरं न्हाई. उद्या केस झाली तर तुम्हालाच त्रास." शिपायानं दगड बसवला. भावानं घातलेले दोन तास पायानं सपाट केले. अन् ट्रॅक्टर कमानीबाहेर जाईपर्यंत दोघं तिथंच उभे.

मी म्हणलं, "साहेब, मंग ह्या बाजूचं गवत तुम्ही काढून उचला. अन् काही झालं तरी पेटवायचं न्हाई."

"शब्द देतो मॅडम. ह्या वर्षी काडी लागणार न्हाई."

शब्द मीही दिला होता, घरात. साहेबांच्या ह्या शब्दाच्या जिवावर माझा शब्द उभा होता.

वैशाखात पावसाळ्याआधीची साफसफाई निघाली. वरून आदेश असतो म्हणे. शिपाई कमानीपासून कापत आला, ढीग तिथंच. दोन दिवस गेले. तिसऱ्या दुपारी मी मागं शेडमधी भाजी टाकत होते. पश्चिमेचं वारं सुटलेलं, ते आमच्याकडं उन्हाळ्यात दुपारी सुटतंच, शेंबड्या पोराला पण माहीत आहे. वास आला. आधी वाटलं माझीच फोडणी जळाली. बाहेर आले तर कमानीकडं धुराची भिंत, अन् त्याच्या पायथ्याशी जाळ आमच्या दिशेनं पळत येऊन राह्यलेला. अन् शिपाई? तो उभा राहून मोबाईलवर फोटो काढत होता. काम झाल्याचा फोटो टाकावा लागतो न ग्रुपवर!

मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत न्हाई, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या हाती हे पडंल. पाईप लावून भिंतीवर पाणी सोडलं. तोवर वरच्या तारांना झळ लागू नये म्हणून कोणीतरी लाईट बंद करायला लावली. मोटर थांबली, पाणी थांबलं. अन् घरातून मशीनची शिटी ऐकू आली, लाईट गेली की ते तशी शिटी मारतं.

मी आत पळाले. सिलेंडर जोडायचा तर बाहेर ठिणग्या उडून राह्यल्यात अन् खिडकीची काच तडकलेली. जोडावा तर भीती, न जोडावा तर हा माणूस डोळ्यांदेखत चालला. यांनी माझा हात धरला अन् मानेनंच न्हाई म्हणलं. भट्टीवर काम केलेला माणूस, त्याला माहीत होतं. तेवढ्यात कमानीपाशीच्या ताईंचा नवरा गाडी घेऊन, बाहेरून वळसा घालून, पूर्वेच्या रस्त्यानं, नांगरलेल्या बाजूनं, मागच्या दारात आला. दोघांनी यांना खुर्चीसकट उचललं. सिलेंडर जोडला तो गाडीत, पार हमरस्त्याला लागल्यावर. तोवर जितका धूर आत जायचा तितका गेल्ता.

बंब जालन्याहून आला तेव्हा विझवायला काही उरलं नव्हतं. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. गावच्या लोकांनी डहाळ्यांनी झोडपून झोडपून विझवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला घरी गेले तेव्हा मी चारी बाजूंनी फिरून बघितलं. उत्तरेला जाळ नांगरटीपर्यंत आला अन् तिथं मेला. ढेकळांच्या काठाशी काळी रेघ, पलीकडं एक काडी जळाली न्हाई. दक्षिणेलाही तसंच. पूर्वेला तर पोचलाच न्हाई. पश्चिमेला मात्र माझ्या भिंतीपर्यंत सगळं काळं. ओट्यावरची फरशी तडकलेली, कढीपत्त्याच्या झाडाचा कोळसा. अन् त्या सगळ्या राखेत तो हद्दीचा पिवळा दगड मात्र जागच्या जागी, सरळ उभा.

साहेब बघायला आले होते. म्हणाले, "घर वाचलं मॅडम. देवाची कृपा."

"घराला फुप्फुसं नसतात, साहेब," मी म्हणलं.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं, ह्यांना परत त्या जागी नेऊ नका. पोरगी गाडी घेऊन आली. दवाखान्यातून निघताना यांनी फक्त विचारलं, "घरावरून नेता का गाडी?" पोरगी म्हणली, बाबा, वेळ होईल, ऑक्सिजन पुरायला पाहिजे. तिचं बराबर होतं. आम्ही घरावरून न्हाई गेलो.

पुण्यात सहाव्या मजल्यावर हे खिडकीशी बसायचे. खाली बघायचे अन् रोज एकदा तरी विचारायचे, "आपल्याकडं पाऊस झाला का? गवत काढलं का कोणी?" मी म्हणायची, काढलं. खोटं बोलायची. आता दुसरं काय देणार होते मी त्यांना? भादव्यात एका सकाळी म्हणाले, "जरा ओट्यावर बसव मला." ओटा कुठला तिथं! मी खुर्ची खिडकीकडं सारली, तोवर ते गेले होते.

लोक म्हणतात, शेवटी पोरीजवळ गेले, चांगलं झालं. काय चांगलं झालं? मी दिलेला शब्द मोडला. मी मोडला न्हाई, माझ्या हातातून हिसकावून मोडला, अन् कशानं, तर ओंजळभर गवत उचलायच्या आळसानं. मला रडू येतं त्याच्या आधी संताप येतो. बाईनं ह्या वयात शांत व्हावं असं सांगायला खूप जण येतात. शांत व्हायला मी काय विझलेय का?

दिवाळी झाल्यावर मी एकटी घरी आले. रिक्षा कमानीशी सोडली अन् पिशवी घेऊन चालत निघाले. सगळ्या प्लॉटांमधी परत गवत. नांगरटीची जागा कोणती तेही ओळखू येईना. अन् माझ्या फाटकाच्या आत, माझ्या अंगणात, कमरेएवढं गाजरगवत, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. साहजिक आहे. घर बंद होतं.

फाटकाला एक कागद चिकटवलेला होता. पंचायतीची नोटीस. यांच्या नावानं. आपल्या मालकीच्या जागेत गवत व झुडपे वाढल्याने आगीचा धोका निर्माण झाला असून, ती आपण मुदतीत काढावीत, अन्यथा दंड करण्यात येईल. मी उभ्या उभ्या वाचलं. परत वाचलं. 'आगीचा धोका' हे शब्द त्यांना लिहिता येत होते तर!

तशीच पिशवी घेऊन पंचायतीत गेले. साहेब उठून उभे राह्यले, वाईट झालं म्हणाले. मी कागद टेबलावर ठेवला. "बाकीच्या प्लॉटांना किती नोटिसा गेल्या?"

ते चुळबुळले. "त्यांचे पत्तेच न्हाईत न मॅडम. घरपट्टी भरणारे त्या ओळीत तुम्हीच. वरून विचारणा होती, काय कारवाई केली म्हणून. एखादी तरी नोटीस दाखवावी लागते."

चोर सोडून संन्याशाला फाशी. अन् संन्यासी तरी कुठं राह्यला होता?

मी कागद उचलला अन् घरी आले. त्यांना वाटलं असंल बाई खचली. मी हाताला जुन्या कापडाच्या चिंध्या बांधल्या अन् अंगणातलं गवत मुळासकट उपटायला लागले. रोज सकाळी थोडं थोडं. गाजरगवतानं अंगाला खाज सुटते, रात्रभर हात खाजवत बसायचे. पण उपटलं. सगळं. ज्या कोपऱ्यात कढीपत्ता होता तिथं बुडख्यातून दोन हिरवे कोंब आल्ते, ते तेवढे राखले. फाटकापाशी माझ्या डोक्याएवढा उंच ढीग झाला अन् खालचं वाळायलाही लागलं.

मुदत झाली का बघायला शिपाई आला. तोच. ढीग बघून खूश झाला. खिशातून मोबाईल काढून फोटो घेतला.

"भारी केलं मॅडम. पण कशाला एवढा त्रास? आता एक काडी ओढली की मोकळं. काडेपेटी द्या, मीच पेटवून देतो."

"ह्या घरात काडेपेटी न्हाई."

तो जरा घुटमळला. मंग अगदी समजुतीच्या आवाजात, मला बरं वाटावं म्हणून म्हणला, "आता तुमचे साहेब तर गेले न मॅडम. आता धुराची काय हरकत?"

मी त्याच्याकडं बघितलं. पोरगा वाईट न्हाई. त्याच्या तोंडावर खरंच कीव होती. मी आत गेले अन् मोठं टोपलं आणून त्याच्या पायाशी आपटलं.

"उचल," मी म्हणलं.

"अं?"

"उचल म्हणते न! काडी न् काडी उचल. अन् पंचायतीच्या दारात नेऊन टाक, साहेबांच्या खिडकीखाली. पेटवायचं असंल तर तिथं पेटव. मी बघायला येते."

माझा आवाज चढला की मोठे मोठे बाप्ये वर्गातल्यासारखे उभे राहतात. त्यानं टोपलं भरलं. एक खेप, दुसरी खेप, किती झाल्या मी मोजल्या न्हाईत. प्रत्येक खेपेला मी त्याच्या मागं चालत गेले. रस्त्यावर लोक बघत होते, बघू दे. शेवटचं टोपलं रिकामं झालं तेव्हा साहेबांची खिडकी निम्मी झाकली गेल्ती अन् साहेब आतून 'मॅडम, मॅडम' करत होते. मी वळूनसुद्धा बघितलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम तिकडून गेले. ढीग नव्हता. खाली राखही नव्हती. झाडून साफ केलेली जमीन अन् बाजूला ट्रॉलीच्या चाकांचे ताजे वळ. रातोरात ट्रॉली बोलावली होती त्यांनी अन् सगळं भरून लांब नेऊन टाकलं होतं. पेटवलं नव्हतं.

म्हणजे उचलता येत होतं.